‘इचार करू नका’ म्हणणं सोडा: मन सांभाळताना होणाऱ्या चुका

सोयाबीन काढून बनीम (ढीग) लावली आणि पावसानं चार दिवस उघडीप दिली नाही. ताडपत्रीच्या वर पाणी, खालीही पाणी. शेंगांना कोंब फुटले. शेजारचे नाना त्या दिवसांत पारावर येऊन नुसते बसून असायचे. मी शाळेतून येताना गाडी थांबवली आणि म्हणालो, "काय इचार करायलाव नाना? इचार नका करू, पॉझिटिव्ह ऱ्हावा." नाना "बरं सर" म्हणाले, धोतराचा सोगा झटकला आणि उठून गेले. पुढं पंधरा दिवस मी दिसलो की ते वाट बदलायचे.

मी लातूरकडचा मास्तर, सल्ला देणं अंगवळणी पडलेलं. पण या विषयात सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो.

‘विचार करू नको’ ही आज्ञा मनाला पाळताच येत नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच मनात तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर ‘आता करा विचार’ म्हटल्यावर तर दाबून धरणाऱ्यांना अस्वल जास्तच आठवलं. नानांचं अस्वल म्हणजे सोसायटीचं कर्ज. ते दाबायचं कुठं?

आरशासमोर ‘मी आनंदी आहे, मी यशस्वी आहे’ म्हणण्याचंही तसंच. कॅनडात जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की ज्यांना आधीच स्वतःबद्दल बरं वाटत नाही, त्यांना स्वतःच्या कौतुकाची अशी वाक्यं घोकून उलट वाईट वाटतं. आत कुणीतरी लगेच म्हणतं, कशाचा यशस्वी?

मग करायचं काय? विचाराला हाकलू नका, त्याला वेळ नेमून द्या. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पंधरा मिनिटं. लेकराच्या जुन्या वहीचं मागचं पान चालतं. डोक्यात जे घोळतंय ते एकेका ओळीत लिहायचं आणि प्रत्येकापुढं ‘उद्या यातलं काय करता येईल’ तेवढं लिहायचं. पंचनाम्यासाठी तलाठ्याला फोन. बँकेत जाऊन हप्त्याचं विचारणं. काही ओळींपुढं काहीच लिहिता येत नाही, त्या तशाच सोडायच्या. रात्री दोन वाजता तोच विचार आला की म्हणायचं, तुझी नोंद झाली, उद्या साडेसहाला ये. पहिले आठ-दहा दिवस तो ऐकत नाही. मग हळूहळू ऐकायला लागतो.

आणि समोरचा बोलत असेल तर उपाय सुचवू नका. "लई अवघड झालंय की" एवढं म्हणून शेजारी बसा. मास्तर लोकांना हे सगळ्यात जड जातं.

दुसरी चूक गुढीपाडव्याची. पहाटे पाचला उठणार, प्राणायाम, चालणं, डायरी, साखर बंद, मोबाईल बंद, सगळं एकाच दिवशी सुरू! चौथ्या दिवशी पाहुणे येतात, गाडी रुळावरून उतरते आणि माणूस स्वतःलाच शिव्या घालत बसतो. त्यात तो ‘२१ दिवसांत सवय लागते’वाला मेसेज. २१ चा आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या निरीक्षणातून पसरला, सवयींवरच्या प्रयोगातून नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पुढं खरोखर मोजलं, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. त्याच अभ्यासातली माझ्या आवडीची गोष्ट म्हणजे एखादा दिवस चुकल्यानं विशेष बिघडत नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी ‘आपल्याच्यानं होत नाही’ म्हणू नका.

एकच सवय धरा आणि ती घड्याळाला न बांधता आधीपासून होणाऱ्या कामाला बांधा. आमच्याकडं तर घड्याळाचा उपयोगच नाही. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री एकला मोटार चालू करून पाणी देणाऱ्याला पाचला उठा म्हणणारा माणूस शहरातला असतो. धार काढून झाली की बांधापर्यंत चालत जाणं, हे मात्र दोन्ही आठवड्यांत जमतं. सकाळचं ऊन अंगावर पडलं की रात्रीची झोपही वेळेवर येते. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मन चिडचिडं असेल तर आपल्या स्वभावावर निकाल देऊ नका. झोप अपुरी आहे. दुपारी निंबाखाली बाज टाका.

‘तीन चांगल्या गोष्टी रोज लिहा’ हा सल्ला चांगला आहे, पण मी त्याची हजेरी करून टाकली होती. चहा, तब्येत, लेकरं. दुसऱ्या दिवशी चहा, तब्येत, लेकरं. आठवड्यात कंटाळा. दुरुस्ती सोपी निघाली: एकच लिहायची, पण नेमकी. ‘आज भागाकार न येणाऱ्या पोरीनं फळ्यापाशी येऊन खडू माझ्या हातातून ओढून घेतला.’ अशी ओळ महिन्यानं वाचली तरी हसू येतं.

चहाबद्दल थोडक्यात. अर्धा-अर्धा करत टपरीवर दिवसाचे आठ होतात. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून झोपेची तक्रार असेल तर चारनंतरचा ‘अर्धा’ बंद. ‘दारूनं झोप लागते’ हेही खोटं. लागते आणि मध्यरात्री मोडते. उशाचा मोबाईलही तसाच: सोयाबीनचा भाव रात्री अकराला बघून तो वाढत नाही.

एक चूक आमची सगळ्यांचीच. मन खराब असलं की माणसं टाळायची आणि ‘बरं वाटलं की जाऊ’ म्हणायचं. गणित उलटं आहे: आधी जायचं, बरं वाटणं मागून येतं. वेळ अमावस्येच्या सणाला अख्खं गाव कुलूप लावून रानात जातं, भज्जी-आंबिल खातं, ज्याचं रान नाही त्यालाही बोलावणं असतं. दुष्काळी सालातसुद्धा त्या दिवशी माणूस जरा हलका होऊन परत येतो. वर्षातून एकदा जे जमतं ते आठवड्यातून तासभर एखाद्याच्या ओट्यावर जमवायला हरकत नाही.

आता जिथं सवयी पुरत नाहीत ते. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली, तर तो आळस समजू नका. आमच्याकडं हे दुखणं अनेकदा अंगदुखी, डोकेदुखी, पित्त अशी नावं घेऊन येतं आणि माणूस गोळ्या बदलत फिरतो. कुणी जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल तर ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा. मनाच्या दुखण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. औषधं सुरू झाली तर चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. गुण यायला काही आठवडे लागतात आणि बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

नानांची माफी मी पारावरच मागितली. मग काही न बोलता रोज दहा मिनिटं बसायला लागलो. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनीच विचारलं, "सर, ती झोपेची डाक्टर कुठं बसते?" आम्ही एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. घरी सांगितलं होतं, डोळे दाखवायला चाललोत. दुसऱ्या खेपेला काकू स्वतःच पिशवी घेऊन स्टँडवर आल्या, आणि वाटेत मला म्हणाल्या, "मला बी दाखवायचेत डोळे."