चमच्याचा माग कसा काढावा

ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा घर रिकामं करताना आधी कपाट, फ्रिज, दिवाण यांची चर्चा होते. चमच्यांचा डबा कुणी नीट उघडतही नाही, सरळ भंगारवाल्याच्या पिशवीत जातो. खरं तर त्या एका डब्यात तीन पिढ्यांचे चमचे असतात. आजीच्या रुखवतातली पितळी पळी, मामांनी आखातातून आणलेला जपानी स्टीलचा संच, कुणाच्या तरी बारशाला आलेली चांदीची चमची आणि तान्ह्या बाळाला दूध पाजायचं झिनुक. असे चमचे जमवून त्यांचा माग काढायला पैसा फारसा लागत नाही. चिकाटीनं विचारावं आणि लिहून ठेवावं मात्र लागतं.

आधी घरातला डबा

पहिला चमचा विकत घेऊ नका. घरातले चमचे, पळ्या, डाव, ओगराळी, कालथे दिवसाउजेडी पांढऱ्या चादरीवर मांडा. सहाच्या किंवा बाराच्या संचातले बाजूला काढा. उरतील ते सुटे, ज्यांच्या जोडीचं घरात दुसरं काही नाही. तुमचं काम यांच्यापासून सुरू होतं. सुटा चमचा बहुधा बाहेरून आलेला असतो. शेजारच्या घरून शिऱ्याच्या वाटीबरोबर, लग्नाच्या पंगतीत मिसळून, ऑफिसात डब्यांची अदलाबदल होऊन, नाहीतर बोहारणीनं जुन्या साड्यांवर दिलेला.

लगेच घासायला घेऊ नका. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत काळपटपणा बसलेला असतो, त्यामुळेच ती वाचता येतात. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडकं. तूर्त एवढं पुरे.

ठसा वाचणं

सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा चालेल. टॉर्च समोरून न मारता चमच्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा. तिरक्या उजेडात पुसट अक्षरं उठून दिसतात. तरीही वाचता आलं नाही, तर वर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासा.

दांड्याच्या मागे ई.पी.एन.एस. ही अक्षरं असली की घरात तो चमचा चांदीचा म्हणून सांगितला जातो. तो चांदीचा नसतो. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूवर विजेनं चढवलेला चांदीचा पातळ मुलामा असतो. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीनं १८४० मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि चांदीसारखी दिसणारी भांडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. चमचा पालथा करून पाहा. खोलगट भागाची पाठ जिथे टेबलाला टेकते तिथला मुलामा सगळ्यात आधी जातो आणि खालची पिवळसर छटा दिसू लागते. इंग्लंडमधल्या अस्सल चांदीवर पंजा उचलून चालणारा सिंह असतो आणि शेजारी शहराची खूण: बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, लंडनला बिबट्याचं डोकं, शेफील्डला मुकुट (१९७५ पासून गुलाब). जर्मनीतल्या अस्सल चांदीच्या चमच्यावर चंद्रकोर आणि मुकुट असेल, तर तो १८८८ नंतरचा.

देशाच्या नावावरूनही काळ कळतो. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. सोव्हिएत चमच्यांवर पुष्कळदा कोपेकमधली किंमतच ठोकलेली सापडते. विमानातल्या चमच्यावर ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ असेल तर तो १९४८ ते १९६२ या काळातला, कारण १९६२ मध्ये नावातला ‘इंटरनॅशनल’ गळाला.

ठाणेकरांनी रेल्वेचा चमचा आवर्जून शोधावा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली होती आणि रेल्वेत पिढ्यान् पिढ्या नोकरी केलेली घरं इथे आजही आहेत. दांड्यावर जी.आय.पी.आर. ही अक्षरं असतील तर तो चमचा नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा धरायला हरकत नाही. त्या महिन्यात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली.

लोहचुंबकावर फार विसंबू नका. तो चांदीला चिकटत नाही, तसाच निकेलच्या मिश्रधातूला आणि चांगल्या स्टेनलेसलाही चिकटत नाही.

आपल्याकडची कोरलेली नावं

मला स्वतःला विलायती ठशांपेक्षा आपल्या भांड्यांवरची नावं जास्त मोलाची वाटतात. विलायती ठसा कारखाना आणि शहर सांगतो. आपल्याकडचं ‘सप्रेम भेट’ मात्र माणूस, नातं आणि प्रसंग, तिन्ही सांगून जातं. छिन्नीनं ठोकलेली टिंबाटिंबांची अक्षरं साधारण जुनी, आणि विजेच्या मशीननं सलग रेघेत कोरलेली त्यानंतरची. ‘शके’ लिहिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा, ते शके वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो मिळेल.

माझ्याकडे नौपाड्यातल्या एका मावशींनी दिलेला वाढायचा पितळी डाव आहे. दांड्याच्या मागे टिंबांत ‘पेण, शके १८७६’, म्हणजे १९५४-५५. तोंडाची डावी कड झिजून जवळजवळ सरळ झाली आहे, उजवी मात्र अजून गोल. उजव्या हातानं भांडं खरवडणाऱ्या माणसाच्या चमच्याची बहुधा डावी कड झिजते. ‘मावशी, हा कुठला?’ असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘कुठला म्हणजे? घरातलाच.’ मग विचारलं, ‘यानं काय वाढायचात?’ तशा त्या बोलायला लागल्या. लोखंडी कढईतलं पिठलं, आईचं कढई खरवडणं, ती खरपुडी कुणाला मिळायची यावरून भावंडांची भांडणं, मग वडलांना वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी लागल्यावर पेणहून सामान आलं त्याची हकीकत. डाव त्या सामानात कणगीतल्या तांदळात खुपसून आणला होता, म्हणे.

कसं विचारावं

‘कुठून आला?’ या प्रश्नाला माणसं थबकतात. वापराबद्दल विचारा. यानं काय वाढत होतात? रोजचा होता की सणावारी निघायचा? कुणाला हात लावू द्यायचे नाहीत? कुठल्या डब्यात असायचा? विचारताना चमचा त्यांच्या हातात द्या, फोटो दाखवून तसं होत नाही. दुपारच्या चहानंतरची वेळ बरी. परवानगी घेऊन फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि मधे बोलू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे आधी जा, बाजारात नंतरही जाता येईल.

नोंद

प्रत्येक चमच्याला क्रमांक द्या आणि सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. वहीत लांबी, वजन (स्वयंपाकघरातला काटा चालतो), ठशाचं हातानं काढलेलं चित्र, कुणाकडून आणि कधी मिळाला ते लिहा. मग तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, अंदाज. ‘शके १८७६’ हे पाहिलेलं. ‘तांदळात खुपसून आणला’ हे ऐकलेलं. ‘पेणच्याच बाजारातून घेतला असावा’ हा अंदाज. या तिन्हींची सरमिसळ झाली की वर्षभरानं तुम्हालाच आपला अंदाज खरा वाटू लागतो आणि पुढची पिढी तोच इतिहास म्हणून सांगते. या बाबतीत मी फार कडक आहे आणि तुम्हीही असावं.

घराबाहेर

जांभळी नाक्याच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानदारांशी ओळख करून घ्या. लोक जुनं तांबं-पितळ मोडीत घालतात, ते वजनावर जातं आणि शेवटी वितळतं. त्याआधी तुम्हाला चाळून पाहू द्यावं, एवढी विनंती करा. वस्तू घेताना ती कुठल्या भागातल्या घरातून आली तेवढं तरी विचारा. नवी मुंबईच्या आगरी-कोळी गावठाणांत कुणाची ओळख असेल, तर करवंटीच्या डवल्यांची (पळ्यांची) चौकशी करा. विकत मागू नका. फोटो आणि हकीकत मिळाली तरी पुष्कळ. मर्चंट नेव्हीतल्या माणसांच्या घरी परदेशी बंदरांवरचे, टोकाला मीनाकारीची ढाल असलेले आठवणीचे चमचे सापडतात. चोरबाजारला जायचं तर सँडहर्स्ट रोडला उतरा. पण जिथे माणसाचीही माहिती नाही आणि ठसाही नाही, तो चमचा कितीही सुंदर असला तरी मी घेत नाही. हॉटेलातून किंवा विमानातून उचललेला तर नाहीच. घरगुती भांडी किती प्रेमानं जपता येतात हे पाहायचं असेल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा.

ठेवण

चांदी आणि मुलाम्याचे चमचे धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते. लोकरीचं कापडही नको. तांब्या-पितळेला चिंच चालते, आपल्या ठाण्याची पितांबरीही चालते, पण कोरलेल्या नावावर जोर लावू नका. लाकडी आणि करवंटीच्या वस्तूंना पावसाळ्याआधी ऊन दाखवा आणि बंद प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, खाडीकाठच्या दमट हवेत त्यांना लगेच बुरशी धरते.

परदेशातल्या भावंडांना एखादा चमचा पाठवायचा असेल तर आधी त्याचं वय पाहा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. शंका असेल तर वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा. फोटो, वहीचं पान आणि आजीच्या आवाजाची फाइल मात्र आजच पाठवा.