कादंबरी वाचता वाचता शब्दसंपत्ती कशी वाढवावी: आठवी-नववीच्या वर्गासाठी

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून मुलांची भाषा वाढत नाही, हे मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तरीही चाचणी जवळ आली की फळ्यावर तीच यादी येते. मुलं ती घोकतात, गुण मिळवतात आणि आठ दिवसांत विसरतात. शब्द कुणाच्या तरी तोंडून, काहीतरी घडत असताना कानावर पडला तर टिकतो. म्हणून वर्गात एक अख्खी कादंबरी वाचावी. धड्यातला शब्द एकदाच येऊन जातो, कादंबरीतला तोच शब्द पुढच्या प्रकरणांत वेगळ्या माणसाबरोबर पुन्हा येतो. ही उजळणी लेखकानेच करून ठेवलेली असते.

पुस्तक कोणतं घ्यावं

मराठवाड्यातल्या वर्गासाठी मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ सुचवतो. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी दीडशे पानांच्या आतली आहे. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत राजाराम सौंदणीकर नावाचा तरुण मास्तर येतो, तिथपासून दुष्काळाने वाडी उठते तिथपर्यंतची ही गोष्ट. माणदेश आपल्यापासून दूर असला तरी तिथली कोरडवाहू जमीन, मेंढरं आणि पावसाची वाट पाहणं आपल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

याहून मोठं कारण भाषेचं आहे. यात मास्तर गोष्ट सांगतो ती प्रमाण मराठीत आणि वाडीतली माणसं बोलतात ती माणदेशी बोलीत. घरी ‘मव्हं’ आणि ‘तुव्हं’ म्हणणाऱ्या पोराला पहिल्यांदा दिसतं की छापील पुस्तकात दोन्ही मराठी शेजारी-शेजारी मानाने नांदू शकतात. आपली बोली म्हणजे चूक नव्हे, हे एकदा त्याला पटलं की तो वर्गात तोंड उघडतो. आणि बोलल्याशिवाय शब्द वाढत नाहीत.

वेळापत्रक आधी ठरवा

जुलैत सुरू करा आणि दसऱ्याच्या आत संपवा. बीड जिल्ह्यात, विशेषतः आष्टी, पाटोदा, केज, धारूर या भागांत, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि त्यांच्याबरोबर बरीच मुलंही जातात. हंगामी वसतिगृहामुळे काही मागे राहतात, सगळी नाही. अर्धी गोष्ट सोडून मूल कारखान्यावर गेलं तर ती गोष्ट त्याच्यापुरती अर्धीच राहते.

आठवड्याला दोन तास पुरतात. एका तासाला सहा-सात पानं, म्हणजे साधारण पंधरा-वीस मिनिटांचं वाचन. उरलेला वेळ बोलण्याला आणि वहीला. प्रत्येक मुलाकडे पुस्तक नसलं तरी चालतं, तीन-चार मुलांत एक प्रत असावी. शाळेच्या ग्रंथालयात नसतील तर प्रती विकत घ्या, अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स काढू नका.

शब्दांच्या तीन राशी

तासाआधी ती पानं स्वतः वाचा आणि हातात पेन्सिल ठेवा. मुलांना अडतील असे शब्द खुणावताना त्यांच्या तीन राशी पडतात, आणि प्रत्येक राशीला वेगळी वागणूक द्यावी लागते.

पहिली रास मुलांच्या घरच्या शब्दांची: मेंढरं, कोकरू, घोंगडी, जोंधळा, सुगी. हे शिकवू नका, विचारा. वर्गात धनगराचं पोर असेल तर तो तास त्याचा आहे. मेंढरं रात्री कोंडायच्या जाळीला तुमच्याकडं काय म्हणतात, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं ‘बसवतात’ म्हणजे नेमकं काय करतात, त्याचा मोबदला धान्यात की पैशात, हे त्याने सांगावं आणि बाकीच्यांनी लिहून घ्यावं. सरही लिहून घेताहेत हे वर्गाला दिसू द्या.

दुसरी रास गेलेल्या काळाच्या शब्दांची: संस्थान, कारभारी, रामोशी, तालीम. इथे दोन वाक्यांत माहिती द्या आणि पुढे चला. त्यातल्या ‘संस्थान’ला मात्र आपल्याकडे आयता आधार आहे. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन होतं, हैदराबाद संस्थान आणि मुक्तिसंग्रामावर भाषणं होतात. तो दिवस वाचनाच्या हंगामातच येतो. ज्या आठवड्यात मुलं निजामाच्या संस्थानाबद्दल ऐकतात, त्याच आठवड्यात औंधच्या राजाचा प्रसंग वाचायला मिळाला तर उत्तम. दोन्ही संस्थानं १९४८ सालीच संपली, पण किती वेगळ्या रीतीने, यावर नववीची मुलं चांगली बोलतात.

तिसरी रास खऱ्या मेहनतीची. ओशाळणे, बिथरणे, संकोच, दुजोरा देणे, हताश, निर्धास्त अशा जातीचे शब्द. ते कुठल्याही विषयाच्या पुस्तकात, वर्तमानपत्रात, अर्जात लागतात, पण घरच्या बोलण्यात क्वचित येतात. शिकवायचे ते हे. एका तासाला चारपेक्षा जास्त घेऊ नका. बाकीचे संदर्भाने कळले तर कळले, नाही कळले तरी गोष्ट अडत नाही.

एक शब्द कसा शिकवावा

वाचन तुम्हीच करा, मोठ्याने, संवाद त्या-त्या माणसाच्या सुरात. शब्द आला म्हणून वाक्याच्या मध्ये थांबू नका. प्रसंग पुरा होऊ द्या, मग मागे या.

समजा ‘ओशाळणे’ घेतला आहे. अर्थ लगेच सांगू नका. आधी विचारा, या माणसाचं तोंड आत्ता कसं झालं असेल? एखाद्याला करून दाखवायला सांगा. कुणी मान खाली घालेल, कुणी डोकं खाजवेल. ‘सर, लाजला,’ असं उत्तर हमखास येतं. ते फळ्यावर लिहा आणि खाली विचारा: नवरी लाजते, ती ओशाळते का? वर्गात गलका होतो आणि त्या गलक्यातूनच अर्थ बाहेर पडतो, की आपलं काहीतरी चुकलंय, आणि ते दुसऱ्याच्या लक्षात आलंय, तेव्हा माणूस ओशाळतो. मगच सोप्या भाषेत एक ओळीचा अर्थ द्या. त्यानंतर दोन-तीन वाक्यं तोंडी टाका आणि चालेल की नाही ते विचारा. ‘पहिला नंबर आला म्हणून तो ओशाळला.’ ‘उसनी सायकल मोडली म्हणून तो ओशाळला.’ न चालणारं वाक्य ओळखता आलं की शब्द कळला असं समजा. जमलं तर शेजारी ‘वरमणे’ आणि ‘खजील होणे’ ठेवा, आणि आपल्याकडचं ‘शरमिंदा’ही. निजामाच्या राजवटीत उर्दू इथे कारभाराची आणि शिक्षणाची भाषा होती. तिचे कितीतरी शब्द आजही घराघरांत आहेत. मुलांकडे ती शिदोरी आहे, ती बाहेर काढा.

एवढ्याला सात-आठ मिनिटं जातात. ती जाऊ द्या. घाईने सांगितलेल्या दहा अर्थांपेक्षा असा एक शब्द जास्त दिवस टिकतो.

काही शब्दांची मात्र कुळं दाखवावीत. ‘पाटीलकी’ घेतली की भावकी, गावकी ओघाने येतात. ‘ठाणेदार’ घेतला की तहसीलदार, जमीनदार आणि आपल्याकडचा ‘गुत्तेदार’. मुलं स्वतःच भर घालत जातात.

वही आणि कोश

प्रत्येकाची शंभर पानी शब्दवही असावी. एका शब्दाला अर्धं पान: शब्द, कादंबरीत तो कुणाबाबत आला, स्वतःचं एक वाक्य, आणि घरी त्याला काय म्हणतात. शेवटचा रकाना आईला, आज्याला विचारून भरायचा. एकाच वर्गात अंबाजोगाईकडचं मूल आणि नांदेडकडून आलेलं मूल असेल तर एकाच वस्तूला दोन नावं निघतात. दोन्ही बरोबर.

कोश बघण्याची सवय इथेच लावा, पण अंदाज बांधून झाल्यावर. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि मोल्सवर्थचा १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश हे दोन्ही आता इंटरनेटवर फुकट शोधता येतात, एका मोबाइलवर वर्गाचं काम भागतं. बोलीतला एखादा शब्द तिथे सापडला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

शब्द वापरात आणा

शब्द शिकवला त्याच्या दुसऱ्या दिवशी परिपाठात, मग आठवड्याने, मग महिन्याने परत आला पाहिजे. परिपाठात रोज एका मुलाने जुना शब्द वापरून गावातली खरी घटना दोन-तीन वाक्यांत सांगावी. लेखी कामाला कादंबरीतूनच विषय निघतात. वाडीतली माणसं मास्तरकडून पत्रं आणि अर्ज लिहून घेतात, तर मुलांनी आपल्या गल्लीतल्या एखाद्यासाठी खरा अर्ज लिहावा. विहिरीचा, पाण्याच्या टँकरचा, काहीही. त्यात शिकलेल्यांपैकी पाच शब्द आले पाहिजेत, ओढूनताणून नव्हे.

‘अर्थ लिहा’ अशी चाचणी घेऊ नका. न वाचलेला एक उतारा द्या आणि त्यात शब्द नीट बसतो का ते विचारा.

वाडी उठते तो शेवटचा भाग सावकाश वाचा. वर्गातली निम्मी मुलं दर वर्षी गाव सोडतात, त्यांना तो भाग बाहेरचा वाटत नाही. वाचून झाल्यावर लगेच शब्दांकडे वळू नका, तो तास बोलण्यासाठी मोकळा ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांबरोबर शब्दवही जाऊ द्या. कोपी, फड, मोळी, वाढं, उचल, मुकादम हे शब्द त्यांनी तिथून लिहून आणायचे आणि गुढीपाडव्यानंतर वर्गाला समजावून सांगायचे, हे काम आधीच ठरवून द्या.

वर्ग तयार झाला तर पुढच्या वर्षी रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची ‘पाचोळा’ घ्या. ती तर पार्वतीच्या तोंडून, मराठवाड्याच्या बोलीतच सांगितलेली आहे. विषय जड आहे, म्हणून दहावीच्या खाली नको, आणि कोणती प्रकरणं वर्गात वाचायची ते तुम्ही आधी पूर्ण वाचून ठरवा.