घरकामाची वाटणी करताना या चुका टाळा

जोडपी उत्साहाने कामे वाटून घेतात आणि दोन-तीन महिन्यांत सगळा भार पुन्हा बायकोवर येतो, हे सांगलीत मी इतक्या घरांत पाहिले आहे की आता त्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हातांचे काम वाटून घेणे आणि ध्यानात ठेवण्याचे काम मात्र तिच्याकडेच राहू देणे. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी 2019 मध्ये घरातल्या या डोक्यातल्या कामाचे चार भाग दाखवले: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि ते तडीस गेले की नाही यावर लक्ष ठेवणे. विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी किराणा मेहुण्यांकडे होता. गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी ते गणपती पेठेत गेले आणि दुकानातून तिला फोनवर फोन करू लागले: हरभऱ्याची डाळ किती घेऊ, गूळ कोणता, जायफळ घरात आहे का? ती बँकेच्या काउंटरवर, समोर ग्राहकांची रांग. संध्याकाळी पिशव्या घरी आल्या, त्यांत वेलदोडे नव्हते. ‘‘ताई, तिने सांगितलेच नाही हो,’’ असे ते मला अगदी मनापासून म्हणाले. काय संपत आले आहे हे पाहणे हाही किराण्याचाच भाग आहे, हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते. आता शनिवारी रात्री ते स्वतः डबे उघडतात, यादी स्वतः लिहितात आणि दुकानातून फोन करत नाहीत. बायकोने यादी करून द्यायची हा सोपा मार्ग मला मुळीच पसंत नाही, कारण त्यात नवऱ्याकडे केवळ पिशवी उचलणे उरते.

दुसरी चूक म्हणजे दिलेले काम परत ओढून घेणे. टॉवेलची घडी वाकडी झाली किंवा कांदा जाड चिरला गेला, की ‘‘राहू दे, मीच करते’’ म्हटले जाते आणि समोरचा निवांत होतो. मुलाच्या औषधाचे प्रमाण, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान देणे, गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, यांत सवलत नको. बाकीच्या बाबतीत काय चालेल ते आधी ठरवावे आणि मग गप्प राहावे.

केवळ मिनिटे मोजून हिशेब मिटवू नये. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी 289 मिनिटे, तर पुरुषांचा 88 मिनिटे वेळ जातो. ही तफावत मोठी आहेच. पण भांडी घासताना उद्याच्या डब्याचा विचार करणारे डोके मिनिटांत वेगळे दिसत नाही.

एका रविवारी फ्रिजवर भलेमोठे वेळापत्रक चिकटवणाऱ्यांची घाई मला पटत नाही. एकच काम घ्यावे, ते मुळापासून घ्यावे, आणि ते अंगवळणी पडल्यावरच दुसऱ्याला हात घालावा.

कामाला बाई लावली की प्रश्न सुटला असे समजू नये. तिच्या सुट्ट्या, पगार आणि खाडे कोण लक्षात ठेवणार, तेही ठरवावे.

आणि ‘‘माझ्या लेकाला भांडी घासायला लावतेस?’’ असे सासूबाई म्हणाल्या, तर उत्तर लेकाने द्यावे, तिथल्या तिथे, बायकोच्या समोर.