होई आनमध्ये दोघांची निवांत सुट्टी

मध्य व्हिएतनाममधील होई आन येथे दोघांनी निवांत राहायचे असेल, तर फेब्रुवारी ते मे हा काळ निवडावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थू बोन नदीला पूर आला की जुन्या शहराच्या गल्ल्यांत पाणी शिरते. ई-व्हिसा आधीच काढावा आणि विमानाने सुमारे ३० किलोमीटरवरील दा नांगला उतरावे.

मुक्काम मात्र जुन्या शहरात न करता चार-पाच किलोमीटरवरील आन बांग किनाऱ्यालगत करावा, असे मी आग्रहाने सांगेन. कारण तेथे पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, विणलेल्या बांबूच्या गोल टोपल्यांसारख्या होड्या वाळूवर विसावलेल्या असतात आणि समुद्र जवळजवळ दोघांचाच असतो. दुपारी काहीही ठरवू नये. संध्याकाळी भातखाचरांमधल्या रस्त्याने सायकलवरून शहरात जावे. चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री, म्हणजे पौर्णिमेच्या सुमारास, तेथे विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. ती रात्र मुक्कामात येईल असाच बेत आखावा.

शाकाहारी जोडप्याने ‘चाय’ हा शब्द लक्षात ठेवावा: ऐकायला चहासारखा असला, तरी व्हिएतनामी भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी असा आहे, आणि तो न उच्चारल्यास साध्या भाजीतही मासळीचा आंबवलेला रस पडण्याची शक्यता असते.