टिश्यू कल्चर करताय? गुणसूत्रांच्या या चुका टाळा

निपाणी-चिकोडी भागात टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बाटलीत रोपं वाढवायच्या, लॅबला नवीन लागलेली पोरं पहिल्याच महिन्यात हिशेब मांडतात: एका बाटलीच्या तीन, तीनच्या नऊ. थांबायचं कुठं, हे कुणी विचारत नाही.

केळीत मदर कल्चरचे (ज्यातून पुढची रोपं करतो ते मूळ कोंब) आठ पॅसेज, म्हणजे आठदा नव्या बाटलीत बदली, बास. एका वर्षी ऑर्डर मोठी म्हणून मीच अकरापर्यंत ओढलं, वर बीएपी हे कोंब फुटवणारं संप्रेरकही वाढवलं. बाटलीत रोपं गुटगुटीत, हार्डनिंगला, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावतानाही, तक्रार नाही. पाचव्या महिन्यात अथणीकडच्या शेतकऱ्याचा फोन: "साहेब, केळी दिलाय की हळद? या की जरा बघायला." गेलो. बाकीची झाडं छातीला आलेली, मधेमधे गुडघ्याएवढी बुटकी, पानं एकावर एक गच्च. पैसे परत दिले आणि मुळं घेऊन आलो.

मुळांच्या टोकांच्या स्लाइड केल्या, सूक्ष्मदर्शकाखाली मोजली, तर गुणसूत्रं ३३! ग्रँड नैन या केळीच्या वाणाला अकराचे तीन संच, म्हणजे आकडा बरोबरच. पण एखादा तुकडा तुटून दुसरीकडे चिकटला किंवा जनुकच बदललं, तर मोजणीत ते कुठून दिसणार? लार्किन आणि स्काउक्रॉफ्ट या शास्त्रज्ञांनी १९८१ साली या सगळ्या फेरफारांना सोमाक्लोनल व्हेरिएशन म्हटलं. नवं वाण शोधणाऱ्याला त्यात गंमत वाटत असेल, रोपं विकणाऱ्याला नाही. तेव्हापासून प्रत्येक बाटलीवर मार्करनं पॅसेज नंबर लिहितो. आठ झाले की बाटली बाहेर, रोप कितीही गोंडस दिसो.

उसात "कॅलसवरून (पेशींच्या बेढब गोळ्यावरून) लवकर होतं" म्हणणारे भेटतात. होतं की! पण २,४-डी या कृत्रिम संप्रेरकावर महिनोन्‌महिने ठेवलेल्या कॅलसमध्ये काही पेशी गुणसूत्रं दुप्पट करतात नि विभागतच नाहीत, काहींची एक-दोन गळतात. बेण्यासाठी शेंड्याचा कोंबच घ्या.

आता मोजणी. एका पेशीत ३१ दिसली की पोरगं ओरडतं, "सर, दोन गेली!" गेली नाहीत रे बाबा, स्लाइड दाबताना तुझ्या अंगठ्यानं पेशी फुटली. शाबूत कडेच्या वीस-पंचवीस पेशी मोजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

स्लाइडसाठी मुळाची टोकं सकाळी तोडा, जेवून आल्यावर नाही.

आणि कालचं फिक्सेटिव्ह (तोडलेली टोकं आहे तशी राखणारं द्रावण) वापरू नका. अल्कोहोल तीन भाग, ॲसिटिक आम्ल एक भाग, रोज ताजं. दोन मिनिटांचं काम, त्याचाही कंटाळा?