हार्टचा एमआरआय सांगितलाय? रिपोर्टमध्ये नेमकं काय बघायचं

आण्णांना अटॅक येऊन दोन महिने झाले तेव्हा डॉक्टरनी हार्टचा एमआरआय लिहून दिला, आणि सगळा भावकीचा गोतावळा म्हणायला लागला की अँजिओग्राफी झाली, इको झाला, आता हे अन् कशाला. अँजिओग्राफीत नळी कुठं चोंदली ते दिसतं, इकोत पंपिंग कळतं, पण त्या नळीमागचा स्नायू मेलाय का नुसता मलूल पडलाय हे एमआरआयमध्ये लई स्पष्ट दिसतं. पुढचा अंदाज बराचसा त्यावरच असतोय.

आधी फोन करा. डोक्याचा, कमरेचा एमआरआय जिल्ह्याला होतो, पण हार्टचा सगळे करत नाहीत, आम्ही परभणीहून पहाटेच्या गाडीनं संभाजीनगरला गेलो आणि एका सेंटरवाल्यानं दारातूनच वापस पाठवलं. क्रिएटिनिनचा (किडनीची रक्त तपासणी) ताजा रिपोर्ट सोबत ठेवा, किडनी लई खराब असंल (ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा आकडा, 30 च्या खाली) तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन (फोटोत डाग उठून दिसावा म्हणून देतात ते) देण्याआधी ते विचार करतात. स्टेंटची भीती नको, पेसमेकर असंल तर मात्र आधीच सांगायचं. चांदीचा करदोडा घरीच काढून ठेवा, आमच्या आण्णांनी तिथं अर्धा तास घातला त्याच्यात.

ॲडेनोसिन (हार्टच्या नळ्या रुंद करणारं औषध) देऊन स्ट्रेस टेस्ट, म्हणजे रक्त कुठं कमी पडतंय ते बघायची तपासणी, असंल तर 24 तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. आण्णा म्हणले, अटॅक परवडला. दम्याचा त्रास असंल तर तेही सांगा. आणि श्वास सोडून दहा-पंधरा सेकंद धरायची घरी प्रॅक्टिस करून घ्या, आतमधी असं लई वेळा करावं लागतं, श्वास हलला की फोटो बिघडतोय, आणि सगळं मिळून पाऊण-एक तास पडून राहायचं असतं.

आता रिपोर्ट. सगळे आधी ईएफ (हार्ट दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा) बघतात, बघा, 35 किंवा खाली असंल तर गोळ्या चालू ठेवून काही दिवसांनी परत मोजतात आणि तरी वाढला नाही तर आयसीडी (ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं यंत्र) बसवायची गोष्ट निघते. पण माझं म्हणणं, त्याच्या खालची ओळ जास्त कामाची, लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंटची, म्हणजे त्या इंजेक्शननंतर थोड्या वेळानं काढलेल्या फोटोची. फोटोत मेलेला भाग पांढरा दिसतोय, जिवंत काळा. तो पांढरा डाग भिंतीच्या जाडीत किती टक्के आत गेलाय ते बघायचं: 25 पर्यंत असंल तर रक्त परत चालू केल्यावर तो भाग सुधरायची चांगली आशा, 50 च्या वर कमी, 75 च्या वर जवळपास नाहीच. हा हिशेब 2000 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या अभ्यासातून रूढ झाला. डाग जितका मोठा तितका पुढं हार्ट फेल्युअरचा आणि ठोके बिघडायचा धोका जास्त.

हार्टच्या स्नायूचे 16-17 भाग पाडतात, स्ट्रेस टेस्टमध्ये त्यातल्या किती भागांना रक्त कमी पडायलंय तेही लिहिलेलं असतं. अटॅकनंतर लगेचच्या दिवसांत केलेला असंल तर एमव्हीओ शब्द शोधा, पांढऱ्या डागाच्या मधोमध काळा ठिपका, म्हणजे मोठी नळी उघडली तरी बारीक नळ्या बंदच, हे वाईट लक्षण. हार्टच्या आत रक्ताची गाठ दिसली तर रक्त पातळ करायच्या गोळ्या लागतात.

डॉक्टरला सरळ विचारा, स्टेंट किंवा बायपास करून हा भाग परत चालंल का? आणि नुसता कागद घेऊन येऊ नका, सीडी मागून घ्या, सर्जन फोटो स्वतः बघतात.