जपानी ग्रीन टी: पानांची पारख आणि निवलेले पाणी

महागाचे पाकीट आणावे, पानांवर खळखळते पाणी ओतावे, पाच मिनिटांनी मोठ्या अपेक्षेने घोट घ्यावा आणि काढा प्यायल्यासारखे तोंड कडू व्हावे, असा जपानी ग्रीन टीचा पहिला अनुभव अनेकांना येतो. मग ते पाकीट फडताळात मागे सरकते आणि खापर चहावर फुटते. वास्तविक हा कडूपणा बहुतेक वेळा पाण्यामुळे आलेला असतो. पानातील थिएनिन हे अमिनो आम्ल चहाला गोडसर आणि भरीव चव देते व ते कोमट पाण्यातही सहज उतरते. तुरटपणा आणणारी कॅटेचिन द्रव्ये आणि कडवटपणात भर घालणारे कॅफीन मात्र पाणी जितके कढत असेल तितक्या वेगाने बाहेर पडतात. त्यामुळे उत्तम पाने घरात आली तरी पाणी निववण्याचा धीर नसेल तर ती वाया जातात.

पाने कशी निवडावीत हे समजण्यासाठी ती कशी तयार होतात याची थोडी कल्पना असावी. खुडलेली पाने काळवंडू नयेत म्हणून त्यांना लगेच उष्णता द्यावी लागते. चीनमध्ये त्यासाठी ती बहुधा कढईत परततात, तर जपानमध्ये वाफवतात. म्हणूनच जपानी चहाचा हिरवा रंग टिकतो आणि चवीत कोवळ्या पालेभाजीची किंवा समुद्री शेवाळाची आठवण देणारी छटा येते. वाफवलेली पाने वळत वळत वाळवून त्यांना सुईसारखा आकार देण्याच्या पद्धतीचे श्रेय क्योतोजवळच्या उजी परिसरातील नागातानी सोएन यांना दिले जाते आणि तिचे साल १७३८ सांगितले जाते. या पद्धतीने होणारा चहा म्हणजे सेन्चा. जपानमध्ये रोजच्या पिण्यात तोच सर्वाधिक असतो, आणि नवख्याने सुरुवातही त्याच्यापासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्योकुरो हा त्याच घराण्यातील, पण वेगळ्या स्वभावाचा चहा आहे. खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे त्याची झुडपे आच्छादनाखाली ठेवतात. उन्हात थिएनिनचे रूपांतर कॅटेचिनमध्ये होत असते. सावलीत ही क्रिया मंदावते आणि पानात गोडवा साठून राहतो. फुकुओका प्रांतातील यामे हा भाग ग्योकुरोसाठी विशेष नावाजलेला आहे. काबुसेचा कमी दिवस झाकलेला असतो, त्यामुळे तो सेन्चा आणि ग्योकुरो यांच्या मधोमध बसतो. बांचा हा उशिराच्या खुडणीतील जून पानांचा साधा चहा, होजिचा म्हणजे भाजलेली तपकिरी पाने, आणि गेनमाइचात भाजलेला तांदूळ मिसळलेला असतो. हे तिन्ही स्वस्त आणि क्षमाशील आहेत. उकळत्या पाण्यानेही बिघडत नाहीत.

पाकीट हातात घेतल्यावर सर्वप्रथम खुडणीचा हंगाम पाहावा. वसंतातील पहिल्या खुडणीला इचिबानचा म्हणतात, आणि त्यातला अगदी ताजा माल शिनचा या नावाने विकला जातो. हिवाळाभर झुडपाने साठवलेले थिएनिन या पानांत सर्वाधिक असते. जूनच्या सुमारास होणाऱ्या दुसऱ्या खुडणीपासून तुरटपणा वाढत जातो. त्यानंतर प्रांत पाहावा. शिझुओका, कागोशिमा, क्योतोजवळचे उजी ही मोठी नावे आहेत. २०२४ मध्ये तर कच्च्या चहाच्या उत्पादनात कागोशिमाने शिझुओकाला प्रथमच मागे टाकले. पाकिटावर झुडपाच्या वाणाचे नाव असल्यास ते विक्रेता जाणकार असल्याचे लक्षण समजावे: याबुकिता हा सर्वत्र आढळणारा, समतोल चवीचा वाण, तर साएमिदोरी अधिक गोड आणि कमी तुरट. वाणाचा उल्लेख नाही म्हणून चहा हलका ठरत नाही, कारण निरनिराळ्या मळ्यांची पाने मिसळून चव साधणे ही जपानी चहा व्यापारातील जुनी कला आहे. ‘जपानी पद्धतीचा’ एवढेच लिहिले असेल तर मात्र मूळ देश तपासावा. सेन्चाच्या पद्धतीने वाफवलेला चहा इतरत्रही तयार होतो.

पाने चमकदार, गडद हिरवी आणि घट्ट वळलेली असावीत. पिवळट, निस्तेज आणि देठांनी भरलेला माल टाळावा. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. फुकामुशी सेन्चा नेहमीपेक्षा दुप्पट किंवा अधिक वेळ वाफवलेला असतो, त्यामुळे त्याची पाने मोडून बारीक चुरा होतो आणि कपातला चहा गढूळ हिरवा दिसतो. हा दोष मानू नये. तो चहा तसाच असतो. पहिल्या खरेदीत पन्नास ग्रॅमपेक्षा मोठे पाकीट घेण्याचा मोह आवरावा.

आता प्रत्यक्ष कृती. दोन लहान कपांसाठी चार ते पाच ग्रॅम सेन्चा आणि सुमारे १७० मिलिलिटर पाणी घ्यावे. पाण्यात क्षार जास्त असतील तर चव दबते, म्हणून गाळून शुद्ध केलेले, हलके पाणी वापरावे. ते एकदा उकळावे आणि मग ७० ते ८० अंशांपर्यंत निवू द्यावे. तापमापक नसला तरी अडत नाही: एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतताना पाणी दर वेळी साधारण दहा अंशांनी उतरते. किटलीतून कपात, कपातून दुसऱ्या कपात आणि तेथून चहादाणीतल्या पानांवर, अशी तीन वेळा ओतणी केली की काम भागते, शिवाय कपही गरम होतात. जपानमध्ये यासाठी युझामाशी नावाचे पन्हळीच्या तोंडाचे उघडे भांडे आणि बाजूला मूठ असलेली क्यूसू ही चहादाणी वापरतात. पण घरात जाळीची कोणतीही लहान चहादाणी असेल तर तीही चालते. जाळी मात्र ऐसपैस हवी, कारण पाने फुलायला जागा लागते.

पाणी ओतल्यावर झाकण ठेवून एक मिनिट थांबावे. फुकामुशीला अर्धे मिनिट पुरते. या काळात चहादाणी हलवू नये आणि चमच्याने ढवळू नये, त्याने तुरटपणा वाढतो. मग एकेका कपात थोडे थोडे, आलटून पालटून ओतावे, म्हणजे दोन्ही कपांत चव सारखी येते. शेवटचा थेंबही निथळून घ्यावा. तो सर्वांत दाट असतो हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तळाशी पाणी राहिले तर पाने मुरत राहतात आणि पुढचा कप कडू होतो. दुसऱ्या वेळी पाणी थोडे अधिक गरम घेऊन दहा-पंधरा सेकंदांतच ओतावे, कारण पाने आता उघडलेली असतात. तिसरा कपही निघतो, जरा फिका आणि मोकळा.

ग्योकुरोसाठी पाणी ५० ते ६० अंशांचे, अगदी थोडे, आणि वेळ दोन मिनिटे ठेवावी. हाती घोटभरच चहा येतो, पण तो जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. उन्हाळ्यात याहून सोपा मार्ग आहे. एक लिटर थंड पाण्यात दहा ते पंधरा ग्रॅम सेन्चा घालून बाटली तीन ते सहा तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि गाळावे. कॅफीन आणि कॅटेचिन दोन्ही कमी उतरत असल्याने हा चहा बिघडवणे जवळपास अशक्य आहे, आणि ज्यांनी पहिल्या अनुभवाचा धसका घेतला आहे त्यांनी येथूनच पुन्हा सुरुवात करावी.

उघडलेले पाकीट हवाबंद, अपारदर्शक डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावे आणि महिन्याभरात संपवावे. चहा भोवतालचा वास फार लवकर ओढून घेतो. न उघडलेले पाकीट फ्रिजमध्ये ठेवता येते, परंतु बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर थंड पानांवर दमट हवेचे पाणी धरते. एवढे करूनही चहा जुना होऊन सुगंध उडालाच, तर तो फेकू नये. कोरड्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, पाने तपकिरी होऊन खमंग वास सुटेपर्यंत भाजावीत; घरचा होजिचा तयार होतो, आणि याला पाणी अगदी उकळते चालते.